हॅमस्टर घेताना आधी पिंजरा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत मुलांसाठी घरात कोणते छोटे प्राणी पाळता येतील, यावर लेख आला होता. मासे, लव्हबर्ड, ससा यांच्या रांगेत हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणीही होता. जागा कमी लागते, खर्च कमी, मुलं रमतात, एवढ्यावर त्याची बोळवण झाली. लेख चांगल्या हेतूने लिहिलेला आहे याबद्दल शंका नाही. पण तो वाचून जे आईवडील शनिवारी मुलाला घेऊन दुकानात जातील, त्यांनी तिथे नेमकं काय बघायचं हे त्यात कुठेच नाही. हॅमस्टरच्या बाबतीत निम्म्याहून जास्त गोष्टी तिथेच, त्या दहा मिनिटांत ठरतात. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण पिंजऱ्याबद्दलचा भाग कृपा करून ठेवा.

मी एका औषध संशोधन संस्थेच्या, प्रयोगांसाठी जनावरं ठेवतात त्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये तंत्रसहायक होते आणि तिथूनच निवृत्त झाले. सीरियन म्हणजे मोठ्या जातीच्या हॅमस्टरची खोली बरीच वर्षं माझ्याकडे होती. खाणं-पाणी, भुसा बदलणं, वजनं, वीण, आजारपण हे माझं रोजचं काम. आता सोसायटीतली मुलं नवा हॅमस्टर आणला की डबा घेऊन 'आजी, बघा ना' करत माझ्या दारात येतात. त्यातले काही डबे उघडायच्या आधीच मला वासावरून काळजी वाटायला लागते.

अ‍ॅनिमल हाउसमध्ये बाहेरून नवीन जनावरं आली की आम्ही एकेक उचलून बघत बसत नसू. खोका उघडला की आधी वास घ्यायचा, मग भुसा बघायचा, मग सगळ्यांच्या शेपट्या. एकाचीही शेपटी ओली दिसली की तो अख्खा खोका वेगळ्या खोलीत जायचा. त्यातलं दुसरं पिल्लू कितीही टुणटुणीत दिसो, ते पुढे जायचं नाही. एक आजारी म्हणजे खोका आजारी, हा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता.

दुकानात याच्या बरोब्बर उलट चालतं. काचेच्या टाकीत एकमेकांवर रचल्यासारखी पिल्लं झोपलेली असतात. मुलगी काचेला बोट लावून म्हणते, 'मला ते क्रीम कलरचं.' दुकानदार ते उचलतो, आई विचारते, 'चांगलं आहे ना?', तो उलटंपालटं करून दाखवतो आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून देतो. त्याच टाकीच्या कोपऱ्यात अंग फुगवून, डोळे मिटून बसलेल्या त्याच्या भावंडाकडे कोणाचंच लक्ष जात नाही. खरं तर बघायचं होतं ते त्या भावंडाकडे.

यामागचं कारण ज्या आजारात आहे त्याला सगळे वेट टेलच, म्हणजे ओली शेपटी, म्हणतात. लॉसोनिया नावाचा जिवाणू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ठाण मांडतो, आतड्याचं अस्तर जाड होतं आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. शेपटी आणि मागचं अंग ओलं, चिकट होतं, घाण वास येतो. पिल्लू खाणं सोडतं, पोक काढून बसतं, पोटाला हात लागला तर कळवळतं. दोन-तीन दिवसांत, कधी त्याच्याही आत, खेळ संपतो. हा आजार सर्वांत जास्त होतो तो तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना, आणि दुकानात विकायला असतात ती नेमकी याच वयाची. आईपासून तोडणं, गाडीतला प्रवास, अनोळखी पिल्लांची दाटी, बदललेलं खाणं, हे सगळं थोडक्या दिवसांत त्याच्या वाट्याला येतं. जिवाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण आठवडा जाऊ शकतो. म्हणजे त्या टाकीत आज एक पिल्लू आजारी असेल, तर तुम्ही निवडलेलं चकचकीत पिल्लू तुमच्या घरी येऊन आजारी पडण्याची शक्यता मोठी आहे. तुमची निवड कितीही चोखंदळ असली तरी.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलीचं असंच झालं. पिल्लू आणल्यावर पहिले दोन दिवस ती शाळेच्या मैत्रिणींना बोलावून बोलावून दाखवत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बुटांचा खोका छातीशी धरून आली. आत रुमालावर पिल्लू होतं. पाठीची कमान झालेली, डोळे अर्धे मिटलेले, शेपटीच्या खालचे केस एकत्र चिकटून पिवळट झालेले. तिने ते ओल्या टिश्यूने पुसून पुसून घेतलं होतं. तिची आई औषधाच्या दुकानातून लहान मुलांचं अँटिबायोटिकचं सिरप घेऊन आली होती, थेंबभर द्यावं म्हणून. बाटलीवर अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहिलेलं होतं. मी ते आधी बाजूला ठेवायला लावलं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण घरोघरी हेच होतं. पेनिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही माणसांना चालणारी औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून टाकतात, मग तिथे घातक जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने जनावर मरतं. मूळ आजारातून वाचलं असतं तेही औषधाने जातं. हॅमस्टरला चालणारी अँटिबायोटिक वेगळी आहेत आणि ती पशुवैद्यानेच, वजन करून, द्यायची असतात.

आम्ही त्याच रात्री डॉक्टर गाठले. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, योग्य ते औषध दिलं, ऊब द्यायला सांगितलं. पहाटे ते गेलं. ती पोर नंतर कितीतरी दिवस एकच विचारत होती, 'आजी, मी गाजर दिलं म्हणून का?' गाजराने काही झालं नव्हतं. त्या दुकानात मी नंतर स्वतः जाऊन आले. त्याच टाकीत आणखी दोन पिल्लांच्या शेपट्या ओल्या होत्या आणि विक्री चालू होती. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने जे ओझं उचललं ते खरं तर त्या टाकीचं होतं, आणि याचा मला आजही संताप येतो.

तेव्हा दुकानात कसं बघायचं ते सांगते.

जायचं संध्याकाळी, शक्यतो सातनंतर. हॅमस्टर दिवसा झोपणारा प्राणी आहे. दुपारी बाराला सगळेच निपचित दिसतात, त्यात आजारी कोण आणि झोपलेला कोण हे आम्हालाही सहज कळत नाही. संध्याकाळी निरोगी पिल्लं उठून अंग ताणतात, जांभया देतात, तोंड पुसतात, भुसा उकरतात, दाणे गालात भरतात. त्या वेळीही जे कोपऱ्यात गोळा होऊन बसलंय ते बरं नाही.

टाकीसमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहा. वास घ्या. लाकडाच्या भुशाचा आणि थोडा मुताचा वास येणारच, पण आंबूस, कुजकट वास आला तर पुढे काही बघू नका. भुसा कोरडा आहे का? लेंड्या सुट्या, कोरड्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या आहेत का, की कुठे मऊ लगदा पडलाय? पाण्याची बाटली रिकामी तर नाही, आणि तिच्या नळीतली गोळी दाबल्यावर थेंब येतो का, हे दुकानदाराला करून दाखवायला सांगा. बाटली भरलेली पण गोळी अडकलेली, आणि खाली तहानलेली पिल्लं, हे मी एकाहून जास्त दुकानांत पाहिलं आहे. मग सगळ्या पिल्लांच्या शेपट्या बघा. तुम्हाला आवडलेल्या एकाची नव्हे, सगळ्यांची. एकही ओली असेल तर मुलाचा हात धरून बाहेर या. मूल रडेल. रडू द्या.

टाकी चांगली असेल तरच पिल्लाकडे वळायचं. ते आधी चालताना बघा. चारही पाय टेकून, पोट जमिनीपासून थोडं उचलून चालायला हवं. जाळीच्या चाकात पाय अडकून लंगडी झालेली पिल्लं दुकानात असतात. मग दुकानदाराला ते हातावर घेऊन दाखवायला सांगा. डोळे टपोरे, पूर्ण उघडे, कडेला चिकटा नको. नाक कोरडं. अंग भरलेलं, पाठीवरून बोट फिरवलं तर मणके टोचायला नकोत. केस दाट, टक्कल, खपल्या, चावल्याच्या खुणा नकोत. पुढचे दात पिवळसर असणं हेच बरोबर, फक्त वरचे-खालचे एकमेकांवर नीट बसलेले हवेत. ते दात जन्मभर वाढत राहतात, वाकडे असतील तर पुढे तोंडच बंद होत नाही आणि दर काही आठवड्यांनी कापून घ्यावे लागतात. दोन्ही गाल दाण्यांनी फुगलेले असतील तर हरकत नाही, एकच गाल फुगलेला राहतोय का ते बघा. शेवटी पिल्लू कानाशी न्या आणि ऐका. निरोगी हॅमस्टरचा श्वास ऐकूच येत नाही. आत टक्-टक् किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ते फुप्फुसाचं दुखणं आहे.

एक गोष्ट पालकांना फार फसवते. पिल्लू तळहातावर शांत बसलं की सगळे म्हणतात, किती गरीब आहे, हेच घेऊ. सवय नसलेलं निरोगी पिल्लू अनोळखी हातात शांत बसत नाही. ते पळू बघतं, वास घेतं, क्वचित चावतंही, कधी पाठीवर पडून चिरक्या आवाजात ओरडतं. ती भीती आहे, आजार नाही आणि वाईट स्वभावही नाही, दोन-तीन आठवडे प्रेमाने हाताळलं की जाते. मऊ पडून राहिलेलं पिल्लू गरीब नसतं, बहुतेकदा त्याच्यात पळायची ताकद उरलेली नसते.

उलट काही गोष्टी आजार वाटतात आणि नसतात. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर काळसर ठिपके असतात, त्या गंधग्रंथी आहेत, नरांत जास्त दिसतात. छोट्या ड्वार्फ जातींत ती ग्रंथी पोटाच्या मध्यावर असते आणि जखमेसारखी दिसते. वयात आलेल्या नराचा मागचा भाग वृषणांमुळे एवढा मोठा दिसतो की 'आजी, गाठ आलीय' म्हणून मुलं घाबरून येतात. मादीला दर चार दिवसांनी पांढरट, घट्ट, उग्र वासाचा स्राव होतो, तो पू नव्हे. पांढऱ्या पिल्लाचे लाल डोळे हा रंगाचा भाग आहे.

जातींबद्दल थोडंसं, कारण दुकानांत नावांचा फार गोंधळ आहे. टेडी बेअर म्हणून जो विकतात तो लांब केसांचा सीरियनच, आणि पांडा म्हणजे काळापांढरा सीरियन. नावासाठी जास्त पैसे देऊ नका. छोट्यांमध्ये विंटर व्हाइट, कॅम्पबेल आणि सर्वांत चिमुकला रोबोरोव्स्की. पहिल्या दोघांचा संकर दुकानांत सर्रास असतो आणि कॅम्पबेल व त्याच्या संकरात मधुमेह आढळतो, म्हणून त्यांना फळं, गूळ, बिस्किटं देऊ नयेत. रोबो इतका चपळ असतो की लहान मुलाच्या हातात राहत नाही, तो बघायचा प्राणी. मुलाला हाताळायचा असेल तर सीरियन बरा. पूर्ण वाढलेला सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा होतो, सावकाश हलतो. पण तो एकटाच ठेवायचा असतो.

'जोडी घ्या मॅडम, एकटा बोअर होईल,' हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. सीरियन हॅमस्टरच्या बाबतीत हे साफ खोटं आहे. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सीरियात अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अ‍ॅडलर काला-आजार या रोगावर संशोधन करत होते, त्यांना प्रयोगासाठी असा प्राणी हवा होता. त्या पिल्लांतली जी थोडी जगली त्यांचेच आज जगभरच्या प्रयोगशाळांतले आणि घराघरांतले जवळजवळ सगळे सीरियन हॅमस्टर वंशज आहेत. रानात पूर्ण वाढलेला हॅमस्टर बिळात एकटा राहतो, आणि इतक्या पिढ्या पिंजऱ्यात काढूनही तो स्वभाव बदललेला नाही. सात-आठ आठवड्यांनंतर दोघांना एकत्र ठेवलं की मारामाऱ्या होतात, रात्रीच्या होतात, आणि सकाळी एक जण रक्ताळलेला किंवा मेलेला सापडतो. सख्खी भावंडं असली तरी. दुकानातल्या टाकीत मोठे सीरियन एकत्र दिसले तर कानांच्या कडा आणि मागची बाजू बघा, चावे दिसतील.

सगळे एकाच घराण्यातले म्हणून विणीतही जपावं लागतं. पांढऱ्या पोटाच्या एका प्रकारात नर-मादी दोघांकडे तोच गुण असेल तर काही पिल्लं डोळ्यांवाचून जन्मतात. पांढरंशुभ्र, डोळ्यांच्या जागी नुसती फट असलेलं पिल्लू 'झोपलंय' म्हणून माझ्या ओळखीच्या एका आजोबांना विकलेलं मी पाहिलं आहे. तेव्हा डोळे उघडलेले बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

वय आणि लिंग हे दोन प्रश्न विचाराच. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नये, पाच-सहा आठवड्यांचं उत्तम. कानांवर बारीक लव असते तोवर ते तरुण, कान चकचकीत, केस नसलेले दिसले तर ते वयस्कर आहे. सीरियन दोन ते तीन वर्षं जगतो, त्यातलं एक वर्ष दुकानातच गेलेलं असेल तर मुलाच्या वाट्याला काय उरणार? नर-मादी वेगळ्या टाक्यांत ठेवतात का, हेही विचारा. मादी पाच-सहा आठवड्यांत वयात येऊ शकते आणि सीरियनचा गर्भकाळ अवघा सोळा दिवसांचा. एकत्र ठेवलेल्यांतली मादी आणली की पंधरवड्यात घरात सात-आठ गुलाबी पिल्लं. मुलं आनंदाने हात लावतात, घाबरलेली आई पिल्लं खाऊन टाकते, आणि ते बघितलेलं मूल पुन्हा त्या पिंजऱ्याजवळ जात नाही. नर-मादी ओळखायची खूण म्हणजे मागच्या दोन छिद्रांतलं अंतर, मादीत अगदी कमी, नरात जास्त. जाणत्या दुकानदाराला हे दाखवता येतं. ज्याला येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आता सर्वांत अवघड गोष्ट. अनेक जण, विशेषतः हळवी मुलं, आजारी पिल्लूच निवडतात. 'आपण नाही नेलं तर ते मरेल.' भावना खरी आहे आणि मी तिची कदर करते. पण पैसे मोजून ते नेलं की दुकानदाराचं नुकसान होत नाही, टाकी तशीच राहते आणि पुढच्या आठवड्यात तिच्यात नवा लॉट ओतला जातो. 'शेवटचा पीस आहे, कमी करून देतो' असं म्हणतात तेव्हाही हेच. त्या पिल्लासाठी काही करायचं असेल तर दुकानदाराला तिथेच, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगा की हे आजारी आहे, वेगळं काढा, डॉक्टरला दाखवा. टाकीचा फोटो काढा आणि तक्रार करा.

तक्रारीला आधार आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले. त्यात पाळीव प्राणी कोण याची व्याख्या आहे आणि कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग यांच्याबरोबर हॅमस्टरचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय असं दुकान चालवता येत नाही. मी दुकानात गेले की नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणते. काही जण लगेच दाखवतात, त्यांच्या टाक्याही बहुधा स्वच्छ असतात. काही जण म्हणतात, 'उंदरांना कसलं आलंय लायसन!' त्यांच्याकडून मी कोणालाही काही घेऊ देत नाही. पालिकेचे अधिकारी कुत्र्यांच्या दुकानांवर अधूनमधून जातात, पण मागच्या रांगेतल्या या काचेच्या टाक्यांकडे कोणी वाकून बघत नाही. हा जीव काही शे रुपयांत मिळतो म्हणून त्याच्या दुखण्याची किंमतही तेवढीच, असं धरलं जातं. घरीही तेच होतं. डॉक्टरची फी पिल्लाच्या किमतीहून जास्त, मग कशाला न्यायचं? ज्यांना असं वाटण्याची शक्यता आहे त्यांनी हॅमस्टर घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

घरी आणल्यावर पहिले तीन-चार दिवस त्याला हात लावू नका. दुकानात जे खात होतं तेच आठवडाभर द्या, तिथूनच पावशेर बांधून आणा; मग हळूहळू ज्वारी, बाजरी, मोड आलेले मूग, काकडीचा तुकडा. आधीचा हॅमस्टर असेल तर नवा दोन आठवडे वेगळ्या खोलीत. आठवड्याला एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटीत बसवून वजन करा आणि वहीत लिहा. दुखणं डोळ्यांना दिसायच्या आधी वजनात दिसतं, अ‍ॅनिमल हाउसमध्ये आमचा सगळा भरवसा त्या वहीवर असे. रंगीत नळ्यांचे छोटे पिंजरे टाळा, मोठ्या प्लॅस्टिकच्या पेटीला जाळीचं झाकण करून भरपूर भुसा घातला तर जास्त चांगलं. मऊ कापूस मात्र घालू नका, त्याचे धागे पायाला आवळतात आणि गिळले तर आतड्यात अडकतात. गॅलरीत कधीच ठेवू नका. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडच्या गॅलरीत तो उष्म्याने मरतो, आणि निफाडसारख्या ठिकाणी थंडीत उघड्यावर तो गारठून इतका निश्चल होऊ शकतो की लोक मेला समजून पुरतात. असा दिसला तर आधी हाताच्या उबेत हळूहळू गरम करून बघा.

घरात गरोदर बाई असेल तर त्या काळात नवा हॅमस्टर आणू नये. उंदरांपासून हॅमस्टरना लागणारा एक विषाणू गर्भाला अपाय करू शकतो. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती एकट्याने देऊ नये, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. आपल्याकडूनही त्याला आजार जातात. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिन सीरियन हॅमस्टरवर तपासली गेली ती याच कारणाने, की करोनाचा विषाणू त्यांच्या फुप्फुसांत सहज रुजतो. घरात ज्याला ताप-खोकला असेल त्याने पिंजऱ्यापासून लांब राहावं.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी आहे. पुणे-पिंपरी परिसरात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, पण हॅमस्टर हातात घेऊन तपासणारे मोजके, आणि ते कोण हे लोकांना माहीत नसतं. वरच्या मजल्यावरच्या त्या मुलीच्या वेळी योग्य डॉक्टर शोधण्यात आमचा दीड तास फोनवरच गेला. आपल्या पुरवणीने अशा पशुवैद्यांची नावं, भाग आणि वेळा विचारून, त्यांच्या संमतीने यादी छापावी. रात्री नऊनंतर कोण बघतं हे त्यात आवर्जून असावं, कारण हॅमस्टर जागा होतो रात्री, आणि त्याचं बिनसलंय हे घरच्यांच्या लक्षात येतं तेही तेव्हाच.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त अ‍ॅनिमल हाउस तंत्रसहायक,
चिंचवड, पुणे